दुहेरी नळीचं रेतन कॅथेटर: रेत वाचतं, पण सगळ्या माद्यांना चालत नाही

डुकरांच्या कृत्रिम रेतनासाठी फोमच्या टोकाचं साधं कॅथेटर सोडून दुहेरी नळीचं, म्हणजे पोस्ट-सर्व्हायकल (गर्भाशयमुखाच्या पलीकडे जाणारं) कॅथेटर घ्यावं का? बाहेरची नळी नेहमीचीच. तिच्या आतून बारीक, लवचिक नळी १५ ते २० सेंमी पुढे सरकते आणि रेत थेट गर्भाशयात पडतं.

खरा फायदा रेताचा. साध्या पद्धतीत एका मात्रेत ८० ते १०० मिली रेत आणि २५० ते ३०० कोटी शुक्राणू लागतात. इथे ४० ते ५० मिली आणि साधारण १५० कोटींत भागतं. म्हणजे तेवढ्याच नरांवर जवळपास दुप्पट माद्या. वेळही वाचतो, कारण मादी रेत ओढून घेईपर्यंत थांबावं लागत नाही. बाटली हातानं दाबली की मिनिटभरात काम होतं. मात्र यानं पिल्लं वाढतात असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. रेतन वेळेवर असेल तर दोन्ही पद्धतींत वेताचा आकार सारखाच राहतो.

घोळ होतो तो नरामुळे. साध्या रेतनात नर समोर उभा हवा. इथे नेमका नको. नर दिसला की गर्भाशयाचं मुख आवळतं आणि आतली नळी अडते. माज तपासून झाला की नर हलवा, निदान वीस मिनिटं जाऊ द्या. मग योनीमुख कोरड्या कागदानं पुसून बाहेरची नळी आधी वरच्या दिशेनं, मग सरळ घाला आणि एक-दोन मिनिटं तशीच ठेवा. मुख सैल पडलं की आतली नळी थोडी थोडी सरकवा. अडली तर जोर नको, थांबा. बाहेर काढल्यावर टोकाला रक्त दिसलं तर घाई झाली असं समजा. अशी मादी उलटण्याची, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येण्याची, शक्यता जास्त.

कॅथेटर कितीही चांगलं असो, चुकलेली वेळ ते सावरत नाही. माज साधारण ४० ते ६० तास टिकतो आणि बीज सुटतं ते त्याचा दोन-तृतीयांश काळ उलटल्यावर. दूध तोडल्यावर ४-५ दिवसांत माजावर आलेल्या मादीला पहिलं रेतन १२ ते २४ तासांनी, दुसरं त्यानंतर २४ तासांनी, तेही ती पाठीवरच्या दाबाला उभी राहत असेल तरच. सातव्या दिवसानंतर आलेल्या मादीचा माज आखूड असतो, तिचं रेतन माज दिसताक्षणी करा. अशा उशिरा येणाऱ्यांत पहिल्या वेताच्या माद्या जास्त असतात: दूध पाजताना खाणं कमी पडतं, अंग उतरतं. शेड तापत असेल तर आणखी भर.

रेत १६ ते १८ अंशांवरच ठेवा, बाटल्या दिवसातून एकदा हलक्या हातानं उलट्या करा. घरच्या फ्रिजच्या ४ अंशांत शुक्राणू मरतात, आणि दोष मग कॅथेटरच्या माथी येतो.

दुसऱ्या वेतापासून पुढच्या माद्यांसाठी जरूर घ्या. छोट्या कळपात, जिथे रेताची टंचाई नाही, तिथे महागड्या नळीचा खर्च निघत नाही. पहिलटकर, म्हणजे पहिल्यांदाच रेतन होणाऱ्या, माद्यांचं गर्भाशयमुख अरुंद असतं, आतली नळी बहुधा जातच नाही. त्यांच्यासाठी लहान फोम-टोकाच्या साध्या कॅथेटरचं वेगळं पाकीट ठेवावंच लागतं.