फ्रेमवर्क घ्यायचं की साइट हाताने लिहायची?

नागपुरात बर्डीवरच्या एका कोचिंग क्लासची साइट मी फ्रेमवर्कशिवाय, म्हणजे साइटचे नेहमीचे भाग तयार देणाऱ्या कोडच्या सांगाड्याशिवाय, लिहिली होती. साधी पीएचपी भाषा, मायएसक्यूएल डेटाबेस, सगळा कोड माझा. प्रवेशाचा फॉर्म दोन महिने नीट चालला. मग एका पालकांचा फोन आला, "सर, मुलीचं आडनाव टाकलं की एरर येते." आडनाव होतं डी'सूझा. मधलं ते एकेरी अवतरणचिन्ह थेट क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या आज्ञेत, शिरत होतं आणि क्वेरी तिथेच तुटत होती. म्हणजे कुणी मनात आणलं असतं, तर त्याच रकान्यातून स्वतःची आज्ञा घुसवून सगळ्या मुलांचे नंबर काढून नेले असते. त्या रात्री मला झोप लागली नाही.

जँगो (पायथॉन भाषेतलं) किंवा लाराव्हेल (पीएचपीमधलं) या फ्रेमवर्कमध्ये नेहमीच्या पद्धतीने काम केलं, तर फॉर्ममधली माहिती क्वेरीपासून वेगळी पाठवली जाते, त्यामुळे हे भोक पडतच नाही. पासवर्ड हॅश करून (उलटा वाचता येणार नाही अशा रूपात) ठेवणं, फॉर्म आपल्याच साइटवरून आलाय का हे टोकनने (फॉर्मसोबत जाणाऱ्या गुप्त खुणेने) तपासणं, हेही तयार मिळतं. जँगो अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत तयार झालं आणि 2005 साली सर्वांसाठी खुलं झालं. बातमीदारांना रोज मजकूर भरायचा असे, म्हणून त्याचं ॲडमिन पॅनल, म्हणजे साइटवरची माहिती भरायचं-बदलायचं पान, इतकं कामाचं आहे. क्लासच्या ऑफिसमधल्या ताईही ते अर्ध्या तासात शिकतात. होस्टिंग स्वस्तातलं शेअर्ड (एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट) असेल तर मात्र लाराव्हेल बघा, पीएचपी तिथे सहज चालतं.

आता काटोलकडच्या संत्रा बागायतदाराची साइट घ्या. चार पानं, बागेचे फोटो, अंबिया आणि मृग बहाराचा माल कधी निघतो ते, फोन नंबर. भाव रोज बदलतो, तो व्यापारी फोनवरच विचारतो. इथे फ्रेमवर्क लादू नका. एचटीएमएल आणि सीएसएसच्या फाइली बारीक रेंजवरही पटकन उघडतात, डेटाबेसच नाही म्हणून तिथून चोरण्यासारखं काही नाही, आणि पाच वर्षं हात लावला नाही तरी चालतात. जँगोच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीलासुद्धा सुरक्षा दुरुस्त्या साधारण तीनच वर्षं मिळतात. पुढे अपग्रेड कोण करणार, त्याचे पैसे कोण देणार, हे बागायतदाराला आधीच सांगायला हवं. बहुतेक जण सांगत नाहीत, आणि ते मला पटत नाही.

शिकत असाल तर एक छोटं लॉगिन हाताने लिहाच, फक्त ते लोकांच्या हाती देऊ नका. कुकी (ब्राउझरमध्ये ठेवलेली खूण) कुठून येते, सेशन (लॉगिन केलेल्याची नोंद) कुठे राहतं, हे एकदा कळलं की फ्रेमवर्कमधली चूक सापडते.

गिऱ्हाइकाला मी पहिला प्रश्न हाच विचारतो, "लोक साइटवर काही भरणार आहेत का?" हो म्हणाला तर फ्रेमवर्क. नाही म्हणाला आणि पुढच्या हंगामात ऑनलाइन बुकिंग हवं झालं, तरी बिघडत नाही. ती चार पानं जँगोच्या टेम्प्लेट (पानांचे साचे) फोल्डरमध्ये थोड्या फेरफाराने बसतात.