इंजिन, एक नग

पावतीवर एवढंच लिहिलेलं होतं : ‘इंजिन, एक नग, सेकंडहँड.’ खाली तारीख, सही आणि रबरी शिक्का. इंजिन क्रमांक नाही, कुठल्या गाडीतून काढलं ते नाही. मी ती पावती घडी घालून पाकिटात ठेवली. इंजिन नीट बांधलं गेलंय ना, याच्याकडे माझं सगळं लक्ष होतं.

गाडी वीस वर्षांची, १३०० सीसी पेट्रोल, चार सिलिंडर. तिची छोटीमोठी कामं मी स्वतःच करत आलोय. ब्रेक पॅड, रेडिएटर, एकदा क्लच प्लेटही. मूळ इंजिन गेलं ते माझ्याच चुकीने. पाण्याचा पाइप फुटला, तापमानाचा काटा चढत गेला, आणि ‘आता जवळच आलंय’ म्हणत मी चालवत राहिलो. हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उतरवून त्यावर सरळ पट्टी ठेवली, तर खाली फिलर गेजचं, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्यांपैकी, ०.२ मिलिमीटरचं पान सहज सरकलं. हेड वाकलं होतं. हेड प्लेन करून घेता आलं असतं, पण दोन बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळकांड्यांत, उभे ओरखडे होते. बोअरिंग, पिस्टन, रिंगा (पिस्टनभोवतीच्या, दाब अडवणाऱ्या कड्या), बेअरिंगं असा हिशेब मांडला आणि ठरवलं की चांगलं वापरलेलं इंजिनच आणून बसवायचं. निर्णय चुकीचा होता असं मला आजही वाटत नाही. फसलो ते खरेदीत.

विकणारा माणूस बोलायला गोड आणि कामात चपळ. इंजिन गिअरबॉक्ससकट लोखंडी घोडीवर ठेवलेलं, स्टार्टर जागेवर, शेजारी बॅटरी. ‘साठ हजार चाललंय साहेब, फार तर.’ आता किलोमीटरचा आकडा असतो डॅशबोर्डवर, आणि तो डॅशबोर्ड गाडीबरोबर कधीच भंगारात गेलेला. हे तेव्हाही कळत होतं. पण पुढच्याच वाक्याने मी विरघळलो. ‘माझ्यावर विश्वास ठेवू नका, कॉम्प्रेशन समोर बघा.’

कॉम्प्रेशन म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरात तयार होणारा दाब, त्यावरून इंजिनाची झीज कळते. स्पार्क प्लग आधीच काढून ठेवलेले होते. त्याने थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) पूर्ण उघडं धरलं (अर्धवट माहितीचा माणूस हे विसरतो, म्हणून मला तो अधिकच पक्का वाटला), एकेका भोकात गेजची नळी पिळली आणि स्टार्टर मारला. १७८, १७५, १८०, १७६ पीएसआय. चारही एकमेकांच्या जवळ. पेट्रोल इंजिनाला साधारण १५० ते १९० म्हणजे तब्येत उत्तम, आणि सिलिंडरांमधला फरक दहा-पंधरा टक्क्यांच्या आत हवा. इथे तो तीन टक्केही नव्हता. माझं स्वतःचं गेज पिशवीत होतं. ते बाहेर काढणं म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवणं, असं वाटून मी ते पिशवीतच ठेवलं.

दोन गोष्टी मी पाहिल्या होत्या. पाहिल्या आणि सोडून दिल्या. एक, नळी बाहेर काढली की तिचं टोक ओलं असायचं आणि तो ते दर वेळी फडक्याने पुसायचा. दुसरी, तो स्टार्टर बराच वेळ मारत होता. चांगल्या इंजिनात काटा पहिल्या दाबालाच मोठी उडी घेतो आणि पाच-सहा दाबांत वर जाऊन थांबतो. इथे तो दहा-बारा दाब हळूहळू चढत होता. मी आकडा बघत होतो, काटा कसा चढतोय ते नाही.

शेवटी त्याने ब्लॉकवर, म्हणजे इंजिनाच्या मुख्य ओतीव धडावर, पत्र्याची एक छोटी गोल चकती चिकटवली. इंजिन ठरावीक मर्यादेपलीकडे तापलं की तिचा मधला भाग वितळतो. ‘वॉरंटीसाठी असते,’ म्हणाला. मला ते फार व्यावसायिक वाटलं. चकती त्याच्या संरक्षणासाठी होती, माझ्या नव्हे. हे उमगायला पुढे दोन महिने गेले.

बसवण्याचं काम सहा रविवार चाललं. त्याचं रसभरीत वर्णन करण्यात अर्थ नाही, ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. इंजिन बाहेर आहे तोवर नवा टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप, क्रँकचं मागचं ऑइल सील आणि क्लच प्लेट घातली, कारण हीच कामं नंतर करायची तर मेहनत कितीतरी वाढते. एका रविवारी डिग्रीसर (तेलकटपणा काढणारं द्रावण) आणि ब्रश घेऊन ब्लॉक अगदी आरशासारखा धुतला. ब्लॉकवर पिवळ्या पेनाने काही आकडे आणि एक खूण होती. तीही घासून काढली. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

सातव्या रविवारी गाडी सुरू झाली. पहिल्या फटक्यात. आणि मागे निळ्या धुराचा असा लोट उठला की माझ्या मदतीला आलेला मित्र खोकत बाजूला झाला. विकणाऱ्याला फोन केला. ‘पडून असलेलं इंजिन आहे साहेब, ऑइल जळणारच. पाचशे किलोमीटर चालवा, रिंगा बसतील.’ यात थोडं तथ्य असतं, म्हणूनच मी ऐकलं. बरेच दिवस उभं राहिलेलं इंजिन सुरुवातीला धूर मारतं, पण तो काही मिनिटांत किंवा एखाद्या फेरीत विरतो. माझा विरला नाही. ४०० किलोमीटरमध्ये ऑइल मोजायच्या काडीच्या वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर आलं, म्हणजे जवळपास एक लिटर. पुन्हा फोन केला. ‘थोडं जाड ऑइल घाला, जमेल.’ मी तेही घातलं. प्रत्येक फोनला तो सौम्य होता, त्याला घाई नव्हती. माझे दिवस जात होते.

मग एका जुन्या मिस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी इंजिन गरम होऊ दिलं, चारही प्लग काढले, इग्निशन आणि इंधन पंप बंद केला, आणि माझंच गेज मागितलं. १०५, ९८, १४०, ११०. मी म्हणालो, ‘काका, अहो, माझ्यासमोर एकशे ऐंशी दाखवलं होतं!’ ते काही बोलले नाहीत. सिरिंजमध्ये थोडं ऑइल घेऊन दोन नंबरच्या सिलिंडरमध्ये सोडलं आणि पुन्हा स्टार्टर मारला. ९८ चे १६५ झाले.

‘असं दाखवलं,’ एवढंच म्हणाले.

ही खरं तर निदानाची मान्य पद्धत आहे, तिला ओली चाचणी म्हणतात. ऑइल रिंगांभोवती पसरून फट बुजवतं. त्यामुळे आकडा वाढला तर दोष रिंगांत किंवा बोअरमध्ये, वाढला नाही तर व्हॉल्व्ह किंवा हेड गास्केटकडे (हेड आणि ब्लॉकमधल्या सीलकडे) बघायचं. विकणाऱ्याने तीच ओली चाचणी मला कोरडी म्हणून दाखवली होती. शिवाय यात एक साधं गणितही आहे. माझ्या इंजिनात एका सिलिंडरचं आकारमान ३२५ सीसी आणि कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन खाली असतानाची जागा भागिले वर असतानाची) ९, म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरणारी जागा जेमतेम ४० सीसी. तिथे १० सीसी ऑइल बसलं की उरतात ३०, आणि रेशो नवाचा साडेअकराच्या पुढे जातो. गेज खोटं बोलत नाही, ते बिचारं समोर आलेला दाब सांगतं. (हातचलाखी करणाऱ्यालाही माप सांभाळावं लागतं. ऑइल दाबलं जात नाही, फार ओतलं तर कनेक्टिंग रॉडच वाकेल. म्हणजे हा त्याचा रोजचा सराव असणार.)

मी त्याच्याकडे गेलो. चिडून नाही, पावती घेऊन, दोन्ही चाचण्यांचे आकडे कागदावर लिहून. त्याने इंजिनाकडे वाकून पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, ‘हे आमचं नाही. आमच्या प्रत्येक मालावर पिवळी खूण असते.’

खूण मी स्वतःच्या हाताने धुतली होती. त्याची चकतीही त्याच रविवारी डिग्रीसरमध्ये सुटून पडली होती आणि मी ती कचऱ्यात टाकली होती. पावतीवर क्रमांक नव्हता. तरी मी वाद घातला, तेव्हा त्याने पावतीची मागची बाजू वाचायला सांगितली. बारीक अक्षरांत : वॉरंटी विक्रीच्या तारखेपासून ३० दिवस, बसवल्याच्या तारखेपासून नव्हे. व्यावसायिक गॅरेजने बसवल्याचं बिल आवश्यक. मजुरी आणि सोबत घातलेले सुटे भाग भरपाईत नाहीत. चकती काढलेली किंवा वितळलेली असल्यास दावा नाही. ज्या दिवशी मी पहिल्यांदा किल्ली फिरवली, त्या दिवशी वॉरंटी संपून दोन आठवडे झाले होते. आणि बिल कुठून आणणार? गॅरेज म्हणजे मीच.

घरी काम करणाऱ्यांनी हे नीट समजून घ्यावं म्हणून हा सगळा खटाटोप. गॅरेजवाला असं इंजिन दुसऱ्या दिवशी बसवतो आणि तिसऱ्या दिवशी परत आणून आपटतो. आपण रविवार-रविवार करत दीड महिना घेतो, आपल्याकडे बिल नसतं, आणि बिघाड झाला की पहिला संशय आपण आपल्याच हातांवर घेतो. मी तर पंधरा दिवस समजत होतो की ऑइल सील बसवताना माझंच काहीतरी चुकलं. विकणाऱ्याला याहून सोयीचं गिऱ्हाईक कोणतं?

इंजिन गाडीतच असताना, चालू स्थितीत बघायला मिळालं तर सोनं. थंड असताना सुरू करायला सांगा, आधी गरम करून ठेवलेलं नको. बाहेर काढलेलं असेल तर प्लग लावलेले असले पाहिजेत आणि ते तुमच्यासमोर निघाले पाहिजेत. टोकावर ओलं काळं ऑइल दिसलं तर तिथेच थांबा. प्लगच्या भोकातून फोनला जोडायचा बारीक कॅमेरा घाला. पिस्टनचा माथा काजळीने कोरडा असावा, चकचकीत ओला नसावा. कोणी म्हणेल की गंजू नये म्हणून ऑइल सोडलंय. असेलही, तसं खरोखर करतात. मग म्हणा, प्लग काढलेल्या अवस्थेत स्टार्टर चांगला दहा-पंधरा सेकंद मारा, भोकांवर फडकं धरा, फडक्यावर काय उडतं ते बघू आणि मग मोजू. त्यातूनही ऑइल चिकटून राहतंच, म्हणून जमलं तर गळतीची चाचणी घ्या. पिस्टन वर आणून सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडायची आणि कान लावायचा. ऑइल भरायच्या तोंडातून फुसफुस आली तर रिंगा, सायलेन्सरच्या बाजूने आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गास्केट.

कागदाचं काम याहून कंटाळवाणं आणि याहून महत्त्वाचं. ब्लॉकवर कोरलेला क्रमांक पावतीवर लिहून घ्या आणि तो नीट निरखा. त्याभोवतीचा पृष्ठभाग ग्राइंडरने घासलेला दिसला तर माल घेऊच नका, चोरीचा असू शकतो. विकणाऱ्याच्या खुणांचे फोटो पावती शेजारी धरून काढा. आणि वॉरंटी पहिल्यांदा सुरू केल्याच्या दिवसापासून धरायची, असं त्याच्याच हाताने लिहून मागा. नाही म्हणाला तर निदान कळेल तरी.

माझं इंजिन शेवटी पुन्हा उतरवलं. बोअरच्या वरच्या काठाला नख अडकेल एवढी कड पडलेली. एक रिंग बोअरमध्ये सरळ बसवून तिच्या तोंडातली फट मोजली. माझ्या मॅन्युअलमध्ये कमाल ०.७ मिलिमीटर दिली आहे, निघाली १.२. साठ हजार किलोमीटरमध्ये असं होत नाही. ब्लॉक बोअर करून ०.५ मिलिमीटर मोठे पिस्टन घातले. म्हणजे जो खर्च टाळायला हा उद्योग केला तोच, वर एक इंजिन आणि दोनदा उतरवण्या-चढवण्याची हाडमोड.

परवा मित्राने त्याच माणसाला स्वतःच्या फोनवरून सहज विचारलं, या मॉडेलचं इंजिन आहे का. ‘आहे ना साहेब, कालच आलंय. साठ हजार चाललंय. या, कॉम्प्रेशन समोर दाखवतो.’

मित्र म्हणाला, ‘येतो उद्या. फक्त प्लग लावलेलेच ठेवा, मी येऊन काढतो. गेजही माझं आणतो.’

पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग, ‘उद्या नको. उद्या ते दुसऱ्या पार्टीला जातंय.’