सनफिल्म लावून नऊ महिने: हाताचं ऊन थांबलं, काचेतला डॅशबोर्ड तसाच

मागच्या आठवड्यात ड्रायव्हर साइडच्या फिल्मवर वरपासून खालपर्यंत उभी रेघ पडली. काच खाली घेताना रबरात अडकलेला खडा घासला. फिल्म लावून घेतली त्या दुकानात गेलो, तर म्हणे, "भाऊ, रंग उडाला, बुडबुडे आले तर वॉरंटी. ओरखड्याला नाही." पाच वर्षांची वॉरंटी सांगताना हे कोणी बोललं नव्हतं. त्या एका काचेचे पुन्हा अठराशे मागितले, ते मी दिले नाहीत. चिडून लिहायला बसलो, पण नऊ महिन्यांचा हिशेब मांडत गेलो तसं लक्षात आलं की माझा खरा राग रेघेवर नाही, पुढच्या काचेवर आहे.

माझा रोजचा रस्ता नागपुरातलं मनीषनगर ते खापरखेडा. सकाळी उत्तरेकडे जाताना सूर्य उजवीकडे, संध्याकाळी परतताना पुन्हा उजवीकडेच. दोन्ही वेळेला ऊन माझ्याच हातावर. दोन उन्हाळे काचेत टॉवेल अडकवून गाडी चालवली. त्याने आरसा अर्धा झाकला जायचा, हे धोक्याचं आहे हे कळत होतं. म्हणून मार्चमध्ये मन घट्ट करून चारही दारांना आणि पुढच्या काचेला नॅनो सिरॅमिक फिल्म लावली. सोळा हजार.

दारांच्या फिल्मबद्दल आधी बोलतो, कारण तिथे पैसे वाया गेले नाहीत. उन्हातली जवळपास निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेडमध्ये असते. स्वस्तातली रंगवलेली फिल्म उजेड कमी करते, काच काळी दिसते, पण ही धग बरीचशी आत येऊ देते. सिरॅमिक उलट करते: उजेड राहू देते, धग अडवते. धातूच्या थराची फिल्मही धग अडवते, पण ती जीपीएस आणि फास्टॅगच्या लहरींना आड येऊ शकते. सिरॅमिकला तो त्रास नाही.

दुकानात दिव्यासमोर हात धरायला लावून "97 टक्के हीट कट" दाखवतात. तो आकडा फक्त इन्फ्रारेडचा असतो, तोही बरेचदा त्यातल्या एका अरुंद पट्ट्यातला. विचारायचा आकडा टीएसईआर, म्हणजे एकूण सौर ऊर्जेतली किती अडते. माझ्या फिल्मच्या कागदावर 97 ठळक होता आणि 46 खाली बारीक. खरा 46 च.

एप्रिलमध्ये मी सगळ्यांना सांगत होतो की लावूनच घ्या. मे महिन्यात मत बदललं. अशी फिल्म धग मुख्यतः शोषून घेते, त्यामुळे काच स्वतः तापते. गाडी पळत असली की वारा ती धग बाहेरून घेऊन जातो. मानकापूरच्या सिग्नलला दोन मिनिटं उभं राहा आणि तळहात काचेजवळ न्या, तव्यावरून हात फिरवल्यासारखं वाटतं. शिवाय 26 मे च्या आसपास नागपुरात सूर्य भरदुपारी बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. तेव्हा उभ्या काचांवर ऊन पडतच नाही. तापतं ते टप आणि तिरपी पुढची काच. चार तास उन्हात उभी केलेली गाडी फिल्म असो-नसो, भट्टीच होते. फरक एवढाच की एसी लवकर सावरतो. आता डिसेंबरात पुन्हा सांगतो: सकाळ-संध्याकाळ उन्हात चालवणाऱ्याने दारांना लावावी. माझा उजवा हात या वर्षी काळवंडला नाही.

आता पुढची काच. माझा डॅशबोर्ड फिक्कट बदामी रंगाचा आहे. नऊनंतर ऊन त्यावर पडलं की सगळा डॅशबोर्ड, एसीच्या जाळ्यांसकट, पुढच्या काचेत उमटतो. त्या बदामी पडद्यातून कोराडी रोडवरची राखाडी रंगाची सायकल दिसेपर्यंत ती जवळ आलेली असते. मी फिल्म घेतली त्यात अर्धं कारण हेच होतं, कारण दुकानदार "अँटी-ग्लेअर" म्हणाला होता. लावली आणि प्रतिबिंब जसंच्या तसं.

हे का, ते मला माझ्या चष्म्यावरून उमगलं. हवा आणि काच जिथे भेटतात तिथे प्रत्येक बाजूला सुमारे 4 टक्के उजेड परततो, आणि तिरप्या काचेवर त्याहून जास्त. आतून प्लास्टिकची फिल्म चिकटवली तर हवेला लागणारा पृष्ठभाग फक्त काचेऐवजी प्लास्टिकचा होतो. परतणारा उजेड जवळपास तेवढाच. चष्म्यावरच्या अँटी-रिफ्लेक्टिव्ह, म्हणजे प्रतिबिंब कमी करणाऱ्या कोटिंगचं काम वेगळं. सगळ्यात साधं कोटिंग म्हणजे मॅग्नेशियम फ्लोराइडचा सुमारे 100 नॅनोमीटरचा थर, थरात शिरलेल्या हिरव्या उजेडाच्या लहरीच्या पाव मापाचा. थराच्या वरून आणि खालून परतणाऱ्या लहरी एकमेकींना मारतात. 1935 मध्ये झाइस कंपनीत अलेक्झांडर स्माकुलाने ही युक्ती काढली. इतका पातळ थर गाडीच्या काचेच्या बाहेरच्या बाजूला वायपर आणि आपल्या धुळीपुढे टिकवणं अवघड. दुकानातल्या फिल्मला "अँटी-ग्लेअर" हे नाव लावणं मला फसवणूकच वाटते.

त्यात नियमाची अडचण. पुढून-मागून 70 आणि बाजूने 50 टक्के उजेड आलाच पाहिजे. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फिल्मवर बंदी आणली. 2021 मध्ये लागू झालेल्या बदलाने प्लास्टिकचा थर असलेली काच मान्य झाली आणि 2024 मध्ये केरळ उच्च न्यायालयाने या मर्यादेत बसणारी फिल्म चालेल असं म्हटलं. निकाल केरळचा, म्हणून काचेतून किती उजेड येतो ते मीटरने मोजून दाखवा, असं म्हणत मी अडून बसलो. फिल्मवर 90 लिहिलंय म्हणून काचेतून 90 येत नाही, हे तेव्हा कळलं. पुढची कंपनीची हिरवट काच नुसतीच 78 भरली, फिल्मसकट 69. दारांचं ठीक निघालं: 70 ची फिल्म लावून 55. पण पुढे एक टक्का कमी म्हणजे कमीच. जुलैमध्ये पुढची फिल्म काढून टाकली. साडेपाच हजार गेले.

मग साडेचारशे रुपयांचं काळं, खरखरीत कापड घेऊन डॅशबोर्डच्या मापाने कापून घातलं, एअरबॅगची जागा मोकळी ठेवून. पहिल्याच सकाळी प्रतिबिंब इतकं फिकं झालं की मी गाडी बाजूला घेऊन दोन मिनिटं नुसता रस्ता पाहत बसलो. कापड तापतं, त्याने आत थोडी धग वाढते, ती मला मंजूर आहे. सोबत पोलराइज्ड गॉगल घेतला. काचेत उमटणारं ते प्रतिबिंब बहुतांशी आडव्या लहरींचं असतं, गॉगल नेमकं तेच अडवतो. फक्त पुढच्या गाडीच्या मागच्या काचेवर ठिपके-ठिपके दिसतात. ती कडक केलेल्या काचेतली ताणाची नक्षी, गॉगलचा दोष नाही.

पुढची गाडी घेताना दोनच गोष्टी बघणार. एक, डॅशबोर्ड काळा, चकाकी नसलेला. दोन, पुढची काच कारखान्यातूनच इन्फ्रारेड अडवणारी, दोन काचांच्या मधल्या थरात ते काम केलेली. चांदीचा थर असेल तर आरशाजवळ फास्टॅगसाठी जागा मोकळी सोडलीय का, तेही पाहीन. आणि शोरूमवाल्याला सांगेन, गाडी आधी बाहेर उन्हात काढा, मग बसून बघतो.