जुन्या साड्यांची सतरंजी विणून देणारा नेरूळचा बचत गट, माझा अनुभव

बोहारणीला आमचा वॉचमन हल्ली आतच सोडत नाही, त्यामुळे विरलेल्या कॉटनच्या साड्या, चादरी, पोरांचे टीशर्ट यांची गाठोडी माळ्यावर नुसती साचलेली. नेरूळ ईस्टला बचत गटातल्या काही बायका आपलेच कपडे घेऊन हातमागावर सतरंज्या, पायपुसणी विणून देतात असं कळलं, मग रिक्षात घालून सगळं नेलं. (नाव-पत्ता हवा असेल तर मेसेज करा, त्यांना विचारून देते.)

सगळ्यात आवडलं ते म्हणजे दिसेल ते घेत नाहीत. तिथल्या मावशींनी एकेका कपड्याचा दोरा ओढून लायटरवर धरला, सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास आणि हाताला भुरभुरीत राख, पॉलिस्टर असेल तर वितळून टोकाला काळा टणक मणी. "हे पायपुसण्याला नको हो ताई, पाणी धरणारच नाही, सतरंजीत घालू." माझी लाल ओढणी तर सरळ परत दिली, रंग सोडतेय म्हणून.

चादरी कात्रीने कापत नाहीत, कडेला छोटा काप देऊन टर्रकन फाडतात, म्हणजे पट्टी सरळ निघते. टीशर्टच्या पट्ट्या मात्र कापायच्या आणि जरा ताणायच्या, की आपोआप गुंडाळून सुतळीसारख्या होतात. पट्ट्या जोडताना गाठ नाही, टोकांना चीर पाडून एकीतून दुसरी ओवून घेतात, त्यामुळे पायाला काही टोचत नाही. मागावर उभा दोरा सुती आणि पीळदार, कारण सगळी झीज त्यावरच येते, तो तुटला की बाकी चिंध्या निघायला लागतात. स्वस्तातल्या पायपुसण्यांमध्ये नेमका तोच कच्चा असतो.

३ बाय ५ फुटाच्या सतरंजीला अडीच-तीन किलो कपडा गेला, मजुरी ९०० रुपये. महाग वाटतं ना? आमच्या ह्यांनापण वाटलं, "वाशीला रस्त्यावर दोनशेला मिळतं की!" मिळतं, पण त्यात आईची इरकल नसते. आणि जुन्या कपड्यांचं खरं मोठं काम चालतं पानिपतला, आपल्याला पानिपत म्हटलं की १७६१ च आठवतं, पण देशा-परदेशातले टाकलेले कपडे तिथे जातात, ते पिंजून परत सूत काढतात आणि त्याची ब्लँकेटं होतात. इथे पिंजत नाहीत, पट्टी जशीच्या तशी विणतात, म्हणून साडीचा काठ ओळखू येतो.

आता तक्रार. सतरंजी मधोमध आवळली गेलीय, टोकांना रुंद आणि मध्ये चांगली दोन बोटं कमी, विणताना आडवी पट्टी जास्त ओढली की असं होतं. दाखवल्यावर मावशी म्हणाल्या नव्या मुलीने विणलीय, पुढच्या ऑर्डरमध्ये पैसे कमी करते. ठीक आहे, पण देण्याआधी बघायला हवं होतं ना. तारीखसुद्धा पाळली नाही, आणि व्हॉट्सॲपवर उत्तरच देत नाहीत, फोनच करावा लागतो.

पायपुसणी मात्र एक नंबर, पाणी लगेच शोषतात. फक्त पावसाळ्यात वाळता वाळत नाहीत, जोडीने घ्या. गुळगुळीत टाइल्सवर खाली रबराची जाळी टाका, नाहीतर घरातलं म्हातारं माणूस घसरेल. फ्रिंज असलेली मशीनमध्ये घालायची तर उशीच्या खोळीत घाला.

दिवाळीसाठी हवं असेल तर कपडे गणपतीतच नेऊन द्या, नवरात्रानंतर ऑर्डर घेत नाहीत.