२,१४,००० किलोमीटरनंतर सस्पेन्शनचा पूर्ण संच: आठ महिने वापरून

आमच्या एसयूव्हीची चॅसिस बॉडीपासून वेगळी आहे, पुढे डबल विशबोन (प्रत्येक चाक वरच्या आणि खालच्या अशा दोन आर्मनी, म्हणजे दांड्यांनी, चॅसिसला जोडलेलं), मागे दोन्ही चाकांना जोडणारा सलग ॲक्सल. दीड वर्षापूर्वी गाडी डोलायला लागली म्हणून चारही शॉकअप नवे टाकले. डोलणं थांबलं. पण खडबडीत रस्त्यावर हळू जाताना पुढून येणारी खटखट तशीच राहिली, ब्रेक दाबला की गाडी किंचित डावीकडे ओढायची, आणि मागे बसलेल्या आईच्या कमरेला प्रत्येक खड्डा कळायचा. मी शॉकअपलाच दोष देत होतो. दोष बुशांचा, म्हणजे आर्मच्या सांध्यात बसणाऱ्या रबर चढवलेल्या नळ्यांचा, निघाला.

म्हणून हा संच मागवला. पुढचे वरचे-खालचे आर्म बुश आणि बॉल जॉइंट (आर्म चाकाच्या बाजूला जोडणारा, सगळीकडे फिरणारा सांधा) बसवलेलेच येतात, सोबत स्टॅबिलायझर बारची (वळणावर गाडी कलणं कमी करणाऱ्या दांड्याची) रबरं, त्याला जोडणारे लिंक रॉड आणि मागच्या आर्मचे व पॅनहार्ड रॉडचे (मागचा ॲक्सल आडवा सरकू न देणाऱ्या दांड्याचे) बुश. आर्म तयार येतात याचा फायदा खरोखर मोठा आहे. जुन्या आर्ममधून बुश काढायला प्रेस लागतो, आणि हातोडीने ठोकून बसवलेला नवा बुश वाकडा बसला की तिथेच वाया जातो.

जुने भाग काढले तेव्हा डाव्या खालच्या आर्मच्या बुशचं रबर आतल्या नळीपासून पूर्ण सुटलं होतं, अंगठ्याने नळी इकडेतिकडे हलत होती. ब्रेक मारल्यावर तो आर्म मागे सरकत असणार. ओढण्याचं कारण तेच. बॉल जॉइंट तपासताना आधी माझी फसगत झाली होती. चॅसिसखाली जॅक लावून चाक वर-खाली हलवलं, काहीच जाणवलं नाही. आमच्या गाडीत स्प्रिंगचा भार खालच्या आर्मवर असतो, त्यामुळे जॅक त्या आर्मखाली लावून जॉइंट मोकळा करावा लागतो. तसं केल्यावर ढिलेपणा हाताला स्पष्ट लागला.

कामाला दोन दिवस गेले, त्यातला अर्धा दिवस एकाच बोल्टने खाल्ला. आतल्या नळीला गंजून चिकटला होता. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. खालच्या आर्मच्या कॅम बोल्टवर (फिरवून चाकाचा कोन बदलतो तो बोल्ट) आधीच्या जागेची खूणही करून घ्या, म्हणजे अलाइनमेंटपर्यंत (चाकांचे कोन जुळवून घेईपर्यंत) गाडी नीट चालवत नेता येते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो, कारण याच चुकीने चांगले बुश लवकर मरतात. चाक हवेत लटकत असताना आर्मचे बोल्ट पक्के आवळू नका. बुशचं रबर नळीला आणि बाहेरच्या कड्याला चिकटलेलं असतं, ते फिरत नाही, पिळतं. लटकत्या अवस्थेत आवळलं तर गाडी जमिनीवर आल्यापासून रबर कायम पिळलेलं राहतं आणि फाटतं. मी बोल्ट हाताने बसवले, चाकं रॅम्पवर टेकवून गाडी स्वतःच्या वजनावर ठेवली, थोडी दाबून हलवली आणि मगच टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोराने आवळता येणाऱ्या पान्याने) आवळलं.

संचातल्या उणिवा. लिंक रॉडचे नट साधे आले, तिथे नायलॉनचे लॉक नट हवे होते, ते मी वेगळे घातले. मागच्या बुशांच्या रबरात पोकळ खाचा आहेत आणि त्या ठरावीक दिशेलाच बसवाव्या लागतात, पण बुशवर खूण नाही. जुने बुश काढायच्या आधी फोटो काढले होते म्हणून निभावलं. किती टॉर्कने आवळायचं याचा कागदही नाही, आकडे गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घेतले.

अलाइनमेंट करून घेतल्यावर आजवर ११,००० किलोमीटर झाले. खटखट नाही, ब्रेकवर गाडी सरळ थांबते, पुढच्या टायरची आतली कड झिजायची ती आता बाकीच्या टायरइतकीच झिजते. स्टिअरिंग मधोमध असताना थोडं सैल लागतं ते अजून आहे, तो स्टिअरिंग बॉक्सचा प्रश्न आहे, या संचाकडून त्याची अपेक्षाच नव्हती. परवा सर्व बॉल जॉइंटची रबरी टोपणं पुसून पाहिली. कुठेही चीर नाही, ग्रीस बाहेर आलेलं नाही. आणि लांबच्या प्रवासाला आई आता पाठीमागे घ्यायची उशी मागत नाही.