फ्रेंच की कारो-कान: ई४ला उत्तर कोणतं?

बुद्धिबळात काळ्या मोहऱ्यांनी खेळताना पांढऱ्याच्या ई४ला (राजासमोरचं प्यादं दोन घरं पुढे) काय उत्तर द्यायचं, हा प्रश्न पुण्यात रेटिंग स्पर्धा खेळणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी पडतोच. सिसिलियनचा, म्हणजे सी५ या उत्तराचा, पसारा नको असेल तर बहुतेकांची गाडी दोन नावांवर येते: फ्रेंच (उत्तर ई६) आणि कारो-कान (उत्तर सी६). मी दोन्ही खेळलोय, आधी बरीच वर्षं फ्रेंच.

फ्रेंच वाईट मुळीच नाही. पांढऱ्याने ई४चं प्यादं ई५ला रेटलं की आपलं सी प्यादं एका दमात सी५ला बसतं. कारो-कानमध्ये तेच प्यादं आधी सी६वर थांबतं, म्हणजे एक चाल जास्तीची.

पण तो सी८वरचा उंट! ई६ करून त्याची वाट आपणच अडवलेली असते. बी६ करून ए६वर त्याची अदलाबदल करा, नाहीतर डी७, ई८, एच५ असा वळसा घाला. उपाय आहेत, पण वेळ खातात. डेक्कनला एका स्पर्धेत समोर शाळकरी मुलगा होता. विसाव्या चालीलाही माझा उंट डी७वरच. त्याचे मोहरे एकेक करत माझ्या राजाकडे सरकत होते आणि बचावाला मला एक मोहरा कमी पडत होता. डाव बरोबरीत सुटला तरी हे खुपायचंच, आणि असे डाव वारंवार व्हायचे.

कारो-कानमध्ये ई५ आलं की उंट आधी एफ५ला, मग ई६. माझ्यासाठी निकाल इथेच लागला. फक्त चौथ्या चालीला पांढऱ्याने एच४ केलं तर लगेच ई६ खेळू नका: जी४, उंट ई४, एफ३, उंट जी६, एच५, आणि उंट गेला! तिथे आपणही एच५ करावं.

१९६०च्या जगज्जेतेपदाच्या लढतीत आव्हानवीर तालविरुद्ध पहिला डाव फ्रेंचमध्ये हरल्यावर तेव्हाचा जगज्जेता बोटविनिक तिसऱ्या डावात कारो-कानकडे वळला. अर्थात लढत तालनेच जिंकली, त्यामुळे सगळं ओपनिंगवर, म्हणजे सुरुवातीच्या चालींवर, ठरतं असं म्हणवत नाही. १९९७ साली डीप ब्लू या संगणकाने ई६वर घोडा देऊन तेव्हाच्या जगज्जेत्या कास्पारोव्हला १९ चालींत हरवलं, तोही कारो-कानच. पण त्यात काळ्याचा घोडा डी७वर होता. उंट एफ५ला काढणारा प्रकार घेतलात तर ती भानगड येत नाही.

कोंडलेल्या डावात शांत बसता येत असेल आणि मग उसळून खेळायला आवडत असेल, तर फ्रेंच सोडू नका. नाहीतर रविवारच्या रॅपिड स्पर्धांत काही दिवस कारो-कान लावून बघा. तयारी पांढऱ्याच्या ई५पासून करा. मला तरी इथली मुलं बहुतेक वेळा तेच खेळताना भेटतात.