कमिशन आधी की गिऱ्हाईक आधी? सोलापुरात अ‍ॅफिलिएटचं काम सुरू करणाऱ्यांसाठी

अ‍ॅफिलिएट मार्केटिंग करायचं ठरलंय, पण कोणत्या पद्धतीनं करायचं ते ठरत नाहीये, अशांसाठी हा आढावा. कामाचं स्वरूप एव्हाना सगळ्यांना ठाऊक आहे. एखाद्या वस्तूची आपल्या नावाची लिंक द्यायची, त्या लिंकवरून कुणी खरेदी केली की आपल्याला कमिशन. भांडवल म्हणजे मोबाइल आणि वेळ. पुण्याची वाट न धरता इथंच राहून चार पैसे मिळवू बघणाऱ्या बऱ्याच पोरापोरींच्या डोक्यात हा विचार एकदा तरी येऊन गेलेला असतो.

रस्ते दोन आहेत. पहिल्या रस्त्यात कमिशन जास्त असेल ते पुढे करायचं, दिवसभर टेलिग्रामवर नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर डीलचा मारा करायचा. दुसऱ्यात समोरच्याला खरंच काय लागतंय ते आधी बघायचं आणि तेच सांगायचं, मग कमिशन कमी मिळो की अजिबात न मिळो. विचारलं तर सगळेच स्वतःला दुसऱ्या रस्त्याचे म्हणवतात. म्हणून इथं वही उघडून बोलू.

एक गोष्ट आधीच सांगतो. कमिशन घेणं ही लबाडी नाही, आणि "या लिंकवर मला कमिशन मिळतं" असं लिहिलं म्हणून कुणी प्रामाणिकही ठरत नाही. ते लिहिणं हा कायद्याचा भाग झाला. खरा प्रश्न वेगळाच आहे: कमिशन शून्य असतं तरी तुम्ही हीच वस्तू सांगितली असती का?

पाण्याच्या मशीनचं उदाहरण

सोलापुरात नेहमी विचारला जाणारा प्रश्न घ्या: "घरासाठी आरओ कुठला घेऊ?" आरओ म्हणजे पाण्यातले क्षार बारीक पडद्यातून गाळून काढणारं मशीन.

पहिल्या रस्त्यावरचं उत्तर तयार असतं. आरओ, यूव्ही, कॉपर, अल्कलाइन असं सगळं एकत्र असलेलं महागातलं मशीन, सोबत "आज शेवटचा दिवस". समजा मशीन 15,000 रुपयांचं आणि कमिशन पाच टक्के, तर 750 रुपये सुटले. काम दोन मिनिटांचं.

दुसऱ्या रस्त्यावरचा माणूस उत्तराआधी प्रश्न विचारतो. पाणी महापालिकेचं की बोअरचं? टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, किती? पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस 10500 मध्ये, लिटरला 500 मिलिग्रॅमपर्यंतचा टीडीएस चांगला धरलाय. दुसरा स्रोतच नसेल तर 2000 पर्यंत चालवून घेता येतं. 500 च्या आत असेल तिथं आरओ वापरण्यावर बंदी घालावी, असं राष्ट्रीय हरित लवादानं 2019 मध्ये सांगितलं होतं. त्याचं मोठं कारण वाया जाणारं पाणी. घरगुती आरओ एक लिटर शुद्ध पाणी देताना साधारण दोन-तीन लिटर मोरीत सोडतो. ज्या शहरात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येत आलंय, जिथं घरोघरी टाक्या, पिंपं आणि कळश्या भरून ठेवायची सवय आहे, तिथं ही गोष्ट गिऱ्हाइकाला न सांगणं म्हणजे काय, ते तुम्हीच ठरवा.

आता समजा त्याच घरातलं पाणी नळाचं निघालं आणि टीडीएस 500 च्या खाली आला. मग अडचण क्षारांची कमी, साठवणीची जास्त. टाकीत चार दिवस पडून राहिलेल्या पाण्यातल्या जंतूंसाठी यूव्ही (अतिनील किरणांचा) किंवा यूएफ (बारीक छिद्रांतून गाळणारा) साधा फिल्टर पुरतो. तो समजा 8,000 चा, म्हणजे कमिशन 400. शिवाय आधी टीडीएस मीटर घ्या असं सांगितलं तर 250 रुपयांवर साडेबारा रुपये. आणि "शेजारच्या काकांकडे मीटर असेल, त्यांच्याकडून मोजून घ्या" असं सांगितलं तर काहीच नाही. एकाच प्रश्नाला 750, 400, साडेबारा आणि शून्य, अशी चार उत्तरं. मोह कुठं बसलाय ते इतकं उघड दिसतं.

मात्र प्रामाणिक उत्तर नेहमीच स्वस्तातलं असतं असं नाही. शहराबाहेरच्या नव्या प्लॉटवर बोअरचं पाणी असेल, टीडीएस हजाराच्या वर असेल, चहाच्या पातेल्याला पांढरा थर धरत असेल, तर आरओच घ्यायला सांगायचं. बेधडक. तिथं गिऱ्हाइकाचं हित आणि तुमचं कमिशन एकाच बाजूला असतात, आणि उगाच साधेपणाचा आव आणून स्वस्त फिल्टर सुचवणं हीसुद्धा एक प्रकारची फसवणूकच.

अजून एक गोष्ट, जिच्यावर कुणी कमिशन देत नाही: सर्व्हिसवाला. मेंब्रेन, म्हणजे आरओचा आतला पडदा, बदलायला कंपनीचा माणूस सोलापुरातला आहे, की पुण्याहून "येतो येतो" म्हणत आठवडा काढतो? हे दिल्लीत बसून रिव्ह्यू लिहिणाऱ्याला कळणार नाही. तुम्हाला एका फोनवर कळेल. दुसऱ्या रस्त्यावर टिकायचं असेल तर तुमचं खरं भांडवल हेच.

चादरीचं

सोलापुरी चादर आणि सोलापूर टेरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. तरी "सोलापुरी" असा शब्द टाकून कुठूनही आलेली चादर ऑनलाइन खपते. पहिल्या रस्त्यावर काही अडचण नाही: नाव, फोटो, लिंक. दुसऱ्या रस्त्यावर मात्र तुम्हाला इथं राहण्याचा फायदा आहे. चादर उलटून बघा. जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेल्या चादरीत नक्षी दोन्ही बाजूंना उठते, रंगांची फक्त अदलाबदल होते. छापील असेल तर मागची बाजू फिकी, धुरकट. दोन्ही चादरी खिडकीच्या उजेडात धरून वीस सेकंदांचा व्हिडिओ केला तर मुंबई-नाशिकच्या माणसाला तो शंभर स्टारपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

फक्त त्याच व्हिडिओत सोलापूरकरांना "तुम्ही नवी पेठेत जाऊन हातानं बघून घ्या" हेही सांगावं लागेल, आणि तिथं तुम्हाला दमडी मिळणार नाही. मला विचाराल तर हे वाक्य जो सांगतो, त्याच्या बाकीच्या लिंकांवर लोक विश्वास टाकतात. पण ही माझी समजूत आहे, हमी नव्हे.

पैसा कधी आणि किती

इथं पहिला रस्ता सरळ पुढे आहे, ते मान्य करायला हवं.

अ‍ॅमेझॉनच्या कार्यक्रमात लिंकवर क्लिक झाल्यापासून 24 तासांत खरेदी व्हावी लागते. वस्तू त्या वेळात कार्टमध्ये टाकली असेल तर मुदत 90 दिवसांपर्यंत लांबते. मध्ये दुसऱ्या कुणाच्या लिंकवर क्लिक झालं तर श्रेय शेवटच्या लिंकला. म्हणून डीलवाले सतत मारा करतात. लोकांच्या बोटाखाली आपली लिंक शेवटची असावी एवढाच हेतू. दिवाळीच्या सेलमध्ये यात खरोखर पैसा आहे.

दुसऱ्या रस्त्यावरच्या माणसाचं इथं हमखास नुकसान होतं. त्यानं पाऊण तास समजावून सांगितलेलं ऐकून गिऱ्हाईक असलेल्या मावशी म्हणतात, "बरं, घरी विचारते." तिसऱ्या दिवशी मावशी ती वस्तू घेतात, पण भाच्यानं पाठवलेल्या डीलच्या लिंकवरून. मेहनत एकाची, कमिशन दुसऱ्याचं. यावर उपाय नाही.

पैसे हातात पडायलाही वेळ लागतो. महिना संपल्यावर पुढे साधारण दोन महिन्यांनी. वस्तू परत गेली की कमिशनही परत. इथं दुसऱ्या रस्त्यावरच्याचं नुकसान थोडं भरून निघतं, कारण विचारून घेतलेली वस्तू कमी परत जाते. आणि हो, स्वतःच्या लिंकवरून स्वतःसाठी खरेदी केली तर कमिशन धरत नाहीत, त्यामुळे तो हिशेब मनातून काढून टाका.

"प्रामाणिक राहा, पैसा आपोआप मागून येतो" असं सांगणारे बरेच भेटतील. तसं होईलच असं नाही. काही विषयांत दुसरा रस्ता कधीच पहिल्याला गाठत नाही. तो निवडायचा तर हे माहीत असताना निवडायचा.

ओळखीचं गाव

पुण्या-मुंबईत बसून अनोळखी लोकांना विकणं वेगळं. इथं तुमचे पहिले शंभर जण म्हणजे चाळीतले, भावकीतले, कॉलेजचे, आईच्या भिशीतल्या बायका. डीलचं चॅनेल हे गड्ड्याच्या यात्रेतल्या स्टॉलसारखं असतं: सोलणी घरी जाऊन चालली नाही तरी विकणारा कधीच पुढच्या गावाला गेलेला. तुम्ही मात्र इथंच राहणार. कूलरचा पंप मे महिन्यात बंद पडला की पार्क चौकात कुणीतरी गाठणारच, "काय बे, तू सांगितला होतास ना?" त्या वेळी कंपनीचा टोल फ्री नंबर सांगून सुटका होत नाही.

उलट बाजूही आहे. ओळखीच्या लोकांना लिंक पाठवताना संकोच वाटतो, आणि काहीजण "आमच्या जिवावर कमवतोस" असंही बोलून दाखवतात. आधीच सांगून टाकलेलं बरं. लपवलेलं कमिशन नंतर कळलं की ते शंभर रुपयांचं असलं तरी खुपतं.

कायदा काय म्हणतो

दोन्ही रस्त्यांना कायदा एकच. ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जून 2022 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. जानेवारी 2023 मध्ये सोशल मीडियावर शिफारस करणाऱ्यांसाठी वेगळ्या सूचना आल्या. पैसे, फुकट वस्तू, सवलत, भेट, यातलं काहीही मिळत असेल तर ते सांगायचं, ठळक सांगायचं, हॅशटॅगच्या गर्दीत दडवायचं नाही. व्हिडिओत ते दिसलंही पाहिजे आणि ऐकूही आलं पाहिजे. आणि शिफारस ज्या भाषेत, त्याच भाषेत. मराठीत तोंडभर कौतुक करून खाली कोपऱ्यात इंग्रजी अक्षरं टाकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. "या लिंकवरून घेतलंत तर मला कमिशन मिळतं" एवढं साधं वाक्य लिंकच्या वर लिहिलं की झालं.

दिशाभूल ठरली तर दंड 10 लाखांपर्यंत, पुन्हा केलं तर 50 लाखांपर्यंत, शिवाय एक ते तीन वर्षं शिफारशी करायला बंदी येऊ शकते. सोलापुरातल्या तीनशे सदस्यांच्या ग्रुपवर उद्या कुणी छापा घालेल असं नाही. पण "हे वापरून बघितलंय" म्हणून न वापरलेलं विकणं हे नुसतं अनैतिक नाही, बेकायदाही असू शकतं, एवढं पहिल्या रस्त्यावरच्यानं जाणून असावं.

सगळ्यात जास्त कमिशन जिथं आहे

काही लिंकांवर एका माणसामागे हजारो रुपये मिळतात. अ‍ॅफिलिएट शिकवणारा कोर्स घ्या, मग तोच कोर्स दुसऱ्याला विका, त्यानं तिसऱ्याला विकावा. यात वस्तू नावापुरती, कमाई माणसं जोडण्याची. पैसे फिरवणाऱ्या योजनांवर 1978 पासून कायद्यानं बंदी आहे, 2021 च्या थेट विक्रीच्या नियमांनीही पिरॅमिड योजना बाद केल्यात. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमची जाहिरात करण्यावर 2025 च्या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. शेअरच्या टिपा देऊन खातं उघडायला लावणाऱ्यांच्या मागे सेबी, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी संस्था, लागलेलीच आहे.

याची तुलना मी करणार नाही. हा तिसरा रस्ता नाहीच.

मग कुणी काय निवडावं

घरात दर महिन्याला ठरलेली रक्कम द्यायची असेल आणि दुसरं उत्पन्न नसेल, तर दुसऱ्या रस्त्यावर सगळा भार टाकू नका. आधी नोकरी, शिकवण्या, दुकान काहीही धरा आणि हे संध्याकाळचं काम ठेवा. पोटाची घाई असली की 750 आणि 400 मधला निर्णय कुठं जातो ते सांगायला नको.

डीलचं चॅनेलच चालवायचं असेल तर तेही सचोटीनं चालवता येतं, फक्त मग ते पहिल्या रस्त्याइतकं पळत नाही. एमआरपीवरून "80 टक्के सूट" न सांगता गेल्या काही महिन्यांतला भाव बघून सांगायचं. किंमत तासाभरात बदलते म्हणून सोबत वेळ लिहायची. ज्या दिवशी चांगलं काही नाही त्या दिवशी काही टाकायचं नाही. शेवटची अट पाळणं सर्वांत अवघड.

ज्यांना सहा-आठ महिने नगण्य पैशावर काढणं जमेल, त्यांनी दुसराच रस्ता धरावा, असं माझं स्पष्ट मत. पण विषय एकच घ्या, आणि असा घ्या की वस्तू इथं हातात धरून, चालवून बघता येईल: पाण्याचे फिल्टर, कूलर, टॉवेल-चादरी, टाक्या, इन्व्हर्टर. मोबाइलच्या मागे लागू नका. तिथं देशभरातले रिव्ह्यूवाले आधीच बसलेत, आणि सोलापुरात बसून तुम्ही त्यांच्यापेक्षा वेगळं काही सांगू शकणार नाही. पहिल्या दिवसापासून एका वहीत दोन रकाने ठेवा, एकात मिळालेलं कमिशन, दुसऱ्यात "घेऊ नका" असं सांगितलेल्यांची नोंद. पहिला रकाना तसाही रिटर्न भरताना लागेलच, कारण कमिशन हे करपात्र उत्पन्न आहे. दुसरा महिनोन् महिने कोराच राहिला, तर तुम्ही न ठरवता पहिल्या रस्त्याला लागलात असं समजा.